गर्भाचा पहिला निरोप : गाय गाभ का धरते आणि का उलटते?

कृत्रिम रेतन करून घेतल्यानंतर एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा माजावर आली, म्हणजे पशुपालक सामान्यतः दोहोंपैकी एक अनुमान काढतो. रेतमात्रा सदोष होती, अथवा गाय वांझ आहे. पहिल्या अनुमानापायी रेतन करणाऱ्याशी वाद होतो. दुसऱ्यापायी चांगल्या वंशाची गाय बाजाराची वाट धरते. वस्तुतः अनेक प्रसंगी ही दोन्ही अनुमाने चुकीची असतात. बीज फळलेले असते, भ्रूणही तयार झालेला असतो; परंतु आपण आलो आहोत ही वार्ता तो मातेच्या शरीरास वेळेवर पोहोचवू शकत नाही. वार्ता न मिळाल्याने गर्भाशय नेहमीच्या क्रमाने पुढील माजाची तयारी करते, आणि तो इवलासा जीव कोणाच्याही नकळत नाहीसा होतो.

ही वार्ता कोण पाठवते, ती कोणत्या वाटेने जाते, ती पोहोचल्यावर पेशींच्या आत कोणती विकरे निर्माण होतात व कोणती आवरली जातात, याचे ज्ञान गेल्या साठ वर्षांत हळूहळू झाले आहे. विषय सूक्ष्म असला तरी त्याचा संबंध थेट गोठ्याशी व कासंडीतील दुधाशी आहे. म्हणून तो येथे सुलभ रीतीने मांडण्याचे योजिले आहे.

एका वेताचा हिशेब

गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. वर्षास एक वेत मिळावे अशी इच्छा धरल्यास ३६५ दिवसांतून २८० दिवस वजा जाता केवळ ८५ दिवस शिल्लक राहतात. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्वस्थितीवर येऊन सशक्त माज दिसू लागण्यास ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे गाय गाभण राहण्यासाठी हाती उरतात ते २५ ते ४० दिवस, अर्थात एक किंवा फार तर दोन माज. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा असल्याने तिच्या बाबतीत वर्षाकाठी एक वेत साधणे याहूनही कठीण. एक माज वाया गेला की २१ दिवसांचा चारा, पेंड व मेहनत अंगावर पडते, आणि पुढील वेत तितकेच लांबते. तेव्हा हे २१ दिवस कोठे व कसे हरवतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

युरोपातील कालवडींवर झालेल्या अभ्यासांवरून असे दिसते की, निरोगी कालवडीस योग्य वेळी उत्तम रेतन केले असता शंभरातील सुमारे नव्वद वेळा बीज फळते. परंतु प्रत्यक्ष वासरू हाती येते ते पंचावन्नच्या आसपास. मधल्या तुटीपैकी फार मोठा वाटा रेतनानंतरच्या आठव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान पडतो. पशुपालकास या काळात बाहेरून काहीच दिसत नाही. गाय चरते, रवंथ करते, दूध देते. आणि आत जय-पराजयाचा निर्णय चाललेला असतो.

पहिले सतरा दिवस

शुक्रजंतू व बीजांड यांचे मीलन अंडवाहिनीत होते. फळलेले बीज दुभागत दुभागत चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरते. सातव्या दिवसापर्यंत त्याला पोकळ चेंडूचे रूप येते. या चेंडूत दोन प्रकारच्या पेशी स्पष्टपणे वेगळ्या होतात. आतल्या बाजूस एक लहानसा पुंजका असतो. त्यातून पुढे वासरू घडते. बाहेरून एकपदरी थर असतो. त्यातून पुढे वार घडते. या बाह्य थरातील पेशींना येथे आपण पोषपेशी म्हणू. वारेच्या या अगदी पहिल्या पेशी होत, आणि या लेखाचा विषय त्याच आहेत.

आठव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूण आपले पारदर्शक कवच फोडून बाहेर येतो. या वेळी तो डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखा दिसेल इतका लहान असतो. बाराव्या-चौदाव्या दिवसापासून मात्र त्याच्यात विलक्षण पालट होतो. गोल चेंडू लांबट होतो आणि सोळाव्या-सतराव्या दिवशी त्याचा सुतासारखा धागा बनून तो गर्भाशयाच्या शिंगात वीतभर पसरतो. ही सारी वाढ मुख्यत्वे पोषपेशींची असते. वासराचा पुंजका अजून लहानच असतो. गर्भ आधी वासरू न वाढविता वार का वाढवितो? याचे उत्तर असे की, त्याला प्रथम निरोप पोहोचवावयाचा असतो, आणि जितक्या पोषपेशी अधिक तितका निरोप मोठा. गाईचा भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरास चिकटू लागतो तो एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी. म्हणजे चिकटण्याच्या आधीच, मोकळा तरंगत असतानाच, त्याला आपले स्थान राखावे लागते.

पीतपिंडाचा जीव कोणाच्या हाती?

माज संपल्यावर अंडाशयातून बीजांड सुटते, आणि ज्या जागेतून ते सुटले तेथे पिवळसर गाठ तयार होते. हिला पीतपिंड म्हणतात. पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात येते. गर्भाशय शांत ठेवणे, त्याच्या ग्रंथींतून भ्रूणासाठी पोषक रस स्रवविणे आणि पुढचा माज थोपविणे ही त्याची कामे होत. पीतपिंड आहे तोवर गाभ आहे. पीतपिंड विरघळला की गाभही गेला.

गाय गाभण नसेल तर सोळाव्या ते अठराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय स्वतःच पीतपिंडाचा नाश करते. त्याची रीत अशी. प्रोजेस्टेरॉनचा अंमल बरेच दिवस चालल्यावर गर्भाशयाच्या अस्तरावर ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे ग्राहक-रेणू उगवतात. पान्हा सोडविणारे ऑक्सिटोसिन ते हेच. रक्तातील ऑक्सिटोसिन या ग्राहकांवर येऊन बसले की पेशीच्या आत इशाऱ्यांची साखळी सुरू होते. प्रथम पेशीतील कॅल्शियम वाढते. मग एक विकर पेशीच्या पटलातून ॲरॅकिडोनिक आम्ल नावाचे स्निग्धाम्ल सोडविते. दुसरे विकर, ज्यास सायक्लो-ऑक्सिजिनेज म्हणतात, त्या आम्लाचे रूप पालटते. आणि अखेरीस प्रोस्टाग्लँडिन एफ-टू-अल्फा तयार होते. हा पदार्थ गर्भाशयाच्या शिरेतून लगतच्या अंडाशयाच्या रोहिणीत झिरपतो आणि थेट पीतपिंडावर घाव घालतो. असे काही घाव एकामागून एक बसले की पीतपिंड आटतो, प्रोजेस्टेरॉन घटते, आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास गाय हंबरू लागते.

येथे विकर म्हणजे काय हे सांगणे इष्ट होईल. दुधास विरजण लावावे तसे अल्प प्रमाणात राहून दुसऱ्या पदार्थाचे रूप झपाट्याने पालटविणारे, आणि स्वतः खर्ची न पडणारे प्रथिन म्हणजे विकर, अर्थात एंझाइम. पेशीत कोणते विकर केव्हा व किती निर्माण व्हावे यावर त्या पेशीचे सारे वर्तन अवलंबून असते.

निरोप्याचा शोध

भ्रूण गर्भाशयात असताना पीतपिंड का वाचतो, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध इंग्लंडमधील केंब्रिज येथे मूर व रोसन या संशोधकांनी मेंढ्यांवर घेतला. १९६६-६७ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, बाराव्या दिवसापूर्वी भ्रूण काढून टाकला तर मेंढी नेहमीच्या दिवशीच माजावर येते. परंतु तेराव्या दिवशी किंवा त्यानंतर काढला तर पीतपिंड अधिक काळ टिकतो. चौदा-पंधरा दिवसांचे भ्रूण वाटून त्यांचा अर्क रिकाम्या गर्भाशयात सोडला तरीही पीतपिंड टिकला. पंचवीस दिवसांच्या भ्रूणांच्या अर्काने मात्र तो परिणाम झाला नाही. याचा अर्थ उघड होता. भ्रूण ठराविक काळात कोणता तरी पदार्थ स्रवतो, आणि तोच निरोप्या होय. १९६९ साली रॉजर शॉर्ट यांनी या घटनेस ‘मातेने गर्भ ओळखणे’ असे सार्थ नाव दिले. गाईत हीच मुदत सोळाव्या-सतराव्या दिवसाची आहे.

पुढे १९८२ साली अमेरिकेत फ्लोरिडा येथील संशोधकांनी मेंढीच्या पोषपेशींतून स्रवणारे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९८७ साली त्याची रचना उलगडली तेव्हा सर्वांनाच आश्चर्य वाटले. कारण ते प्रथिन इंटरफेरॉन या कुळातील निघाले. विषाणूंचा हल्ला झाला असता शरीरातील पेशी एकमेकींना सावध करण्यासाठी जे प्रथिन सोडतात, ते इंटरफेरॉन. गाय, म्हैस, मेंढी, शेळी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांनी तेच शस्त्र गर्भाच्या निरोपासाठी वापरात आणले आहे. या विशिष्ट प्रथिनास इंटरफेरॉन-टाऊ असे नाव मिळाले. या कार्याबद्दल फुलर बेझर व मायकेल रॉबर्ट्स या दोघांस २००२-०३ चे शेतीविषयक वुल्फ पारितोषिक देण्यात आले.

प्रत्येक जातीच्या प्राण्यात निरोप्या निराळा असतो हेही ध्यानात घ्यावे. डुकरिणीच्या भ्रूणातील पोषपेशी अकराव्या-बाराव्या दिवशी ॲरोमॅटेज या विकराच्या साह्याने इस्ट्रोजेन तयार करतात, आणि तेच तेथे निरोपाचे काम करते. स्त्रीच्या गर्भात पोषपेशी वेगळेच संप्रेरक सोडतात, ते लघवीत उतरते, आणि औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी तेच ओळखते. गाईच्या शरीरात ते संप्रेरक नसल्याने ती पट्टी गाईसाठी वापरणे निरर्थक आहे. असा प्रयोग कोणी सुचविल्यास त्यात पैसे घालू नयेत.

निरोप पेशीच्या आत कसा पोहोचतो?

इंटरफेरॉन-टाऊ स्वतः अस्तराच्या पेशीत शिरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर त्याचे ग्राहक-रेणू असतात. कुलपात किल्ली बसावी तसा तो त्यांत बसतो. किल्ली फिरताच ग्राहकाच्या आतील टोकाशी चिकटलेली दोन विकरे जागी होतात. ही विकरे स्टॅट नावाच्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण उमटवितात. तालुक्याच्या कचेरीत अर्जावर शिक्का पडल्याशिवाय तो पुढील टेबलावर जात नाही. तद्वत फॉस्फेटची खूण पडल्याशिवाय ही प्रथिने पुढे सरकत नाहीत. खूण पडली की दोन स्टॅट प्रथिने एका तिसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवून पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तेथील विशिष्ट जनुकांना चालना देतात. त्या जनुकांच्या आज्ञेवरून नवी प्रथिने व नवी विकरे तयार होतात. विषाणूंच्या वाढीस आळा घालणारे एक विकर त्यांपैकीच आहे.

परंतु गाभ टिकण्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक न घडणारी गोष्ट. मेंढीच्या गर्भाशयावरील प्रयोगांत असे आढळले की, या निरोपामुळे अस्तराच्या वरच्या थरात इस्ट्रोजेनचा ग्राहक निर्माण होण्यास प्रतिबंध होतो, आणि पर्यायाने ऑक्सिटोसिनचे ग्राहक उगवतच नाहीत. ऑक्सिटोसिन रक्तात असते. पण त्यास बसावयास जागाच नसते. गाईतही ऑक्सिटोसिनच्या ग्राहकांना असाच आळा बसतो.

विकर बंद होत नाही, घाव चुकतो

येथे एक बारकावा आहे. प्रोस्टाग्लँडिन पीतपिंडाचा घात करते, तेव्हा गाभण गाईत सायक्लो-ऑक्सिजिनेज हे विकर पूर्णपणे बंद पडत असेल असे कोणासही वाटेल. तसे घडत नाही. गाभण मेंढीच्या अस्तरात हे विकर असतेच. शिवाय भ्रूणाच्या पोषपेशीही ते स्वतः तयार करतात. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिने गाभण काळातही विपुल असतात. फरक इतकाच की, ती लाटांप्रमाणे उसळून पीतपिंडावर आदळत नाहीत.

इतकेच नव्हे, तर ती भ्रूणास हवीच असतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेंढ्यांच्या गर्भाशयात आठव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत या विकरास रोखणारे औषध थेट सोडण्यात आले, तेव्हा भ्रूणांचे लांब होणे खुंटले. त्याच विकराचे एक फळ घातक तर दुसरे पोषक असते. विहिरीचे पाणी मोटेने पाटात सोडले तर पीक जगते, आणि बांध फुटून एकदम लोटले तर वाहून जाते, पाणी तेच. म्हणून शरीर विकर बंद करीत नाही. त्याचा बांध सांभाळते.

पोषपेशींना हुकूम कोण देते?

आता प्रश्न उरतो तो असा की, पोषपेशींनी निरोप केव्हा व किती सोडावा हे कोण ठरविते? याचे उत्तर दुहेरी आहे. काही आज्ञा पोषपेशींच्या स्वतःच्या घडणीतच असतात. त्यांच्या केंद्रकात अशी नियामक प्रथिने असतात की जी इंटरफेरॉन-टाऊच्या जनुकावर बसून त्यास कार्यान्वित करतात. अन्य पेशींत ही जुळणी नसल्याने तेथे हे प्रथिन तयार होत नाही.

दुसरी आज्ञा मातेकडून येते. गर्भाशयाच्या ग्रंथी व अस्तर यांतून जो रस स्रवतो त्यात साखर, आम्ल-द्रव्ये, प्रथिने आणि वाढीस चालना देणारे घटक असतात. यांपैकी काही वाढघटक पोषपेशींच्या ग्राहकांवर बसतात. मग आत एका विकराने दुसऱ्यास व दुसऱ्याने तिसऱ्यास फॉस्फेटची खूण करावी अशी साखळी चालते, आणि शेवटी इंटरफेरॉन-टाऊची निर्मिती वाढते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या गाईच्या पोषपेशींवर असे वाढघटक घातले असता हेच दिसून आले आहे. ग्लुकोज व आर्जिनीन यांसारखी पोषक द्रव्ये आणखी एका इशाऱ्याच्या वाटेने पोषपेशींना वाढण्याची व पसरण्याची मुभा देतात. ज्या मेंढ्यांच्या गर्भाशयात जन्मतः ग्रंथी वाढू दिल्या नाहीत, त्यांच्यात चौदाव्या दिवशी लांबलेला भ्रूण आढळला नाही. मातेचा हा रस गर्भास किती आवश्यक आहे हे यावरून कळून येते.

आणि या रसाचा झरा कोणाच्या हाती? प्रोजेस्टेरॉनच्या. माजानंतर प्रोजेस्टेरॉन लवकर व पुरेसे वाढले तर रस वेळेवर स्रवतो, भ्रूण वेळेवर लांबतो, निरोप मोठा जातो आणि पीतपिंड वाचतो. प्रोजेस्टेरॉन उशिरा वाढले तर भ्रूण आखूड राहतो, निरोप क्षीण पडतो आणि पीतपिंड विरघळतो. पीतपिंड गर्भास पोसतो आणि गर्भ पीतपिंडास राखतो, असा हा परस्परांचा आधार आहे.

दोन केंद्रकांच्या पेशी आणि वारेची विकरे

सतराव्या-अठराव्या दिवसापासून पोषपेशींमध्ये काही निराळ्या पेशी दिसू लागतात. त्यांत दोन दोन केंद्रके असतात. वारेच्या बाह्य थरात दर पाच पेशींत साधारण एक अशी असते. या पेशी सरकत सरकत मातेच्या अस्तराच्या पेशींशी एकजीव होतात आणि आपल्यातील द्रव्ये मातेच्या बाजूस सोडतात. पुढे गर्भाशयाच्या अस्तरावरील गुंडीसारख्या उंचवट्यांशी वारेचे गुच्छ जुळतात. व्यालेल्या गाईची वार पडते तेव्हा तिच्यावर जे लाल फुलोरे दिसतात ते हेच.

या पेशी एका विशिष्ट कुळातील प्रथिने सोडतात. ही प्रथिने जठरातील पेप्सिन या विकराची भावंडे होत. मात्र त्यांपैकी कित्येकांची पचविण्याची शक्ती लोपली आहे. रेतनानंतर सुमारे २८ व्या दिवसापासून ती गाईच्या रक्तात ओळखता येतात, आणि त्यावर आधारलेल्या रक्ताच्या व दुधाच्या गर्भतपासण्या निघाल्या आहेत. व्याल्यानंतरही ही प्रथिने काही आठवडे रक्तात रेंगाळतात. म्हणून ताज्या व्यालेल्या गाईत अशा तपासणीचा निष्कर्ष जपून काढावा लागतो.

वार पुढे स्वतःच संप्रेरके बनवू लागते, कारण कोलेस्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन व त्यापासून इस्ट्रोजेन घडविणारी विकरे तिच्या पेशींत निर्माण होतात. मेंढीत सुमारे पन्नास-साठ दिवसांनंतर वारेचे प्रोजेस्टेरॉन गाभ राखण्यास पुरते. शेळीत मात्र पीतपिंड अखेरपर्यंत लागतो. गाईत साधारण सातव्या महिन्यापर्यंत मुख्य भार पीतपिंडावरच असतो. प्रसूतीचा हुकूमही विकरांमार्फतच सुटतो. मेंढीत पूर्ण वाढलेल्या कोकराच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल स्रवते, त्यामुळे वारेत एक नवे विकर निर्माण होते, आणि प्रोजेस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनकडे वळते. प्रसूतीची वेळ कोकरूच ठरविते हे न्यूझीलंडच्या लिगिन्स यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रयोगाने सिद्ध केले. पहिला निरोप गर्भाचा, आणि शेवटचाही गर्भाचाच.

निरोप दुबळा का पडतो?

आतापर्यंतच्या विवेचनावरून हे समजेल की, गाय उलटण्याची कारणे केवळ रेतमात्रेत शोधणे अपुरे आहे. निरोप दुबळा पडण्याची प्रमुख कारणे अशी :

१. अवेळी रेतन. बीजांड माज संपल्यावर सुमारे दहा ते बारा तासांनी सुटते. उशिरा रेतन झाल्यास शिळ्या बीजांडापासून अशक्त भ्रूण बनतो.

२. उपासमार. व्याल्यानंतर दूध वाढते पण खुराक वाढत नाही, तेव्हा गाय अंगावरील मांस-चरबी झिजवून दूध देते. अशा गाईचा पीतपिंड दुर्बल असतो.

३. उन्हाचा ताप. रेतनानंतरच्या पहिल्या आठवड्यात भ्रूण उष्णतेस फार नाजूक असतो. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखी उन्हात, विशेषतः संकरित गाई व म्हशी यांच्या बाबतीत, हे कारण दुर्लक्षून चालत नाही.

४. गर्भाशयाची सूज. वार अडकल्याने अथवा अस्वच्छ प्रसूतीमुळे झालेला पू-दोष वरून बरा दिसला तरी अस्तर बिघडलेले राहते. बिघडलेल्या अस्तरास ना रस नीट स्रवता येतो, ना निरोप नीट ऐकता येतो.

५. खनिजांची उणीव. फॉस्फरस, तांबे, जस्त, सेलेनियम यांची कमतरता प्रजननावर दुष्परिणाम करते.

गोठ्यात काय करावे?

गर्भाच्या निरोपात आपणास थेट हात घालता येत नाही. परंतु तो ज्या घरात दिला जातो ते घर नीट राखता येते.

माजाची नोंद ठेवावी. गोठ्याच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेवर माजाचा दिवस, वेळ, रेतनाची वेळ व वळूचा क्रमांक लिहावा. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. म्हशीत मुका माज फार. म्हणून पहाटे व रात्री सोटाकडे विशेष लक्ष द्यावे.

रेतनानंतरचे पहिले तीन आठवडे जनावरास लांबचा प्रवास, बाजार, मारझोड व खाद्यातील अचानक बदल यांपासून जपावे. उन्हाळ्यात सावली, वाहता वारा, दिवसातून अनेक वेळा गार पाणी आणि म्हशीस डुंबणे किंवा अंगावर पाणी मारणे यांची तजवीज असावी. खुराक पहाटे व रात्री द्यावा.

खुराक अगोदर सुधारावा. व्याल्यानंतर दोन महिन्यांनी खुराक वाढविण्याऐवजी व्यावयाच्या आधीच्या दोन महिन्यांपासून गाईचे अंग धरून ठेवावे. सुका कडबा, हिरवा चारा, पेंड व खनिज मिश्रण यांचे प्रमाण पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवावे.

अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत दिवसातून तीन वेळा निरीक्षण करावे. माज न दिसल्यास गाय गाभण आहे असे गृहीत धरून स्वस्थ बसू नये. सोनोग्राफीने सुमारे एका महिन्यानंतर, आणि हाताने तपासून दीड ते दोन महिन्यांनी, पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी. तपासणी लवकर झाली तर रिकामी गाय लवकर कळते, व पुढील माज वाया जात नाही.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, गर्भतपासणी झाल्याशिवाय माज आणण्याचे इंजेक्शन कधीही टोचू नये. अशा अनेक इंजेक्शनांत प्रोस्टाग्लँडिनच असते. ज्या घावापासून भ्रूणाने सतराव्या दिवशी आपला पीतपिंड वाचविला, तोच घाव आपण सुईने घातला तर गाभ पडणे ठरलेलेच. तसेच काही थोड्या गाई गाभण असूनही माजासारखी लक्षणे दाखवितात. तपासणी न करता त्यांस पुन्हा रेतन केल्यास गर्भास इजा होण्याचा संभव असतो. प्रोजेस्टेरॉनची वा अन्य संप्रेरकांची औषधे ऐकीव माहितीवर देऊ नयेत. त्यांची वेळ चुकल्यास लाभाऐवजी हानी होते.

उलटलेली गाय आणि तिचा मालक

गाय एकदा उलटली म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. निरोगी गाईतही प्रत्येक गर्भ टिकत नाही हा सृष्टिक्रमच आहे. ती नेमकी एकवीस दिवसांनी उलटली, की पंचवीस ते पस्तीस दिवसांनी, हे मात्र अवश्य लिहून ठेवावे. एकवीस दिवसांनी उलटल्यास बीज फळलेच नसेल, अथवा निरोपापूर्वी भ्रूण मेला असेल. अधिक उशिरा उलटल्यास निरोप पोहोचून पीतपिंड टिकला, पण पुढे गर्भ गेला असा संभव असतो. क्वचित मधला माज नजरेतून निसटलेलाही असतो. पशुवैद्यकास ही नोंद दाखविल्यास त्याचा निम्मा तपास तेथेच होतो. नियमित माजावर येऊनही तीन रेतनांनंतर गाय गाभण न राहिल्यास गर्भाशयाची तपासणी अवश्य करून घ्यावी.

खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, डांगी यांसारख्या आपल्या गाई आणि पंढरपुरी म्हैस हे पिढ्यान् पिढ्या जोपासलेले धन आहे. अशी एखादी गाय ‘वांझ’ म्हणून दावणीवरून सोडण्यापूर्वी तिच्या मालकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. माजाची वेळ नोंदली होती काय? तिचा खुराक व सावली पुरेशी होती काय? तिचे गर्भाशय तपासले होते काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी आल्यानंतरच पुढचा निर्णय घ्यावा. वीतभर लांबीच्या, धाग्याएवढ्या गर्भाला आपला निरोप देण्यासाठी दोन-तीनच दिवस मिळतात. त्या दिवसांत त्याच्या मातेस पोटभर चारा, गार सावली व निवांतपणा मिळेल एवढी काळजी प्रत्येक पशुपालकाने घेतली, तर वर्षातील वाया जाणारे कित्येक माज वाचतील आणि त्याच गोठ्यातून अधिक वासरे व अधिक दूध मिळेल.